बॉयलरचं माप

चिंचवडच्या नव्या बंगल्यात थंडीत खोल्या उबदार राहाव्यात म्हणून तेलावर चालणारा बॉयलर बसवून गरम पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत खेळवायचं, असं अण्णासाहेबांनी ठरवलं. बॉयलर केवढा लागेल ते काढायला फिटर गेनबा खोल्या मोजत आजारी चतुराबाईंच्या खाटेपाशी आला.

“आईची खोली धरू नकोस,” अण्णासाहेब म्हणाले. “डॉक्टरांनी संक्रांतीपर्यंतच सांगितलंय. तेवढ्यासाठी मोठा बॉयलर कशाला?”

चतुराबाई जाग्याच होत्या. “अण्णा, माझ्यामागं नात हितं झोपंल. पोर गारठंल रे.”

अण्णासाहेबांनी क्षणभर विचार केला. “खरंय. गेनबा, ही खोली धर. नळी आत्ताच टाकून घे.”

चतुराबाईंनी समाधानानं डोळे मिटले.

“फक्त या खोलीचा कॉक बंद ठेव,” अण्णासाहेब म्हणाले. “पोर इथं झोपायला लागली की उघडू.”