विशाखाचा फौजदार

लातूरच्या शिबिरात त्या दिवशी पोलीस ठाण्याचा सराव होता. गावातल्या कुणाची तक्रार घेऊन ठाण्यात गेल्यावर कसं बोलायचं, हे शिकायला गावोगावचे कार्यकर्ते जमले होते. मुदखेडची विशाखा फौजदार होऊन खुर्चीत बसली आणि पार्वतीबाई पुढं जाताच कडाडली, "दुसऱ्याच्या भानगडीत पडणारी तू कोण गं? कुणी पाठवलं तुला?" सगळ्यांदेखत त्यांना रडू फुटलं. जेवताना विशाखा शेजारी येऊन बसली, तर त्या ताट घेऊन उठल्या.

महिन्याभरानं, मजुरीला गेलेल्या त्यांच्या गावच्या मनीषाला शेतमालकानं मारलं. तिला घेऊन पार्वतीबाई ठाण्यात गेल्या. खरा फौजदार खेकसला, "दुसऱ्याच्या भानगडीत पडणारी तू कोण गं? कुणी पाठवलं तुला?"

भीती वाटायच्या ऐवजी पार्वतीबाईंना ओळखीचं माणूस भेटल्यागत झालं. त्यांनी पदर खोचला. "तक्रार लिहून घ्या, सायेब. नक्कल हातात पडंस्तोर आम्ही हितंच बसून राहतो."

नक्कल घेऊनच त्या बाहेर आल्या आणि पायरीवरूनच फोन लावला.

"विशाखा, पोरी, तुझे लई उपकार. हितल्या खऱ्यापरीस तुझा फौजदार कडक होता बघ. पर शब्दान् शब्द तोच बोलला की गं. तुला आधीच कसं ठाव?"



"मी बी ठाण्यात गेले होते ना, मावशी, माझ्या बहिणीला घेऊन. तवा माझा सराव कुणी घेतला नव्हता. तशीच माघारी आले."