सगळ्यात वरचा आकडा

आलापल्लीच्या सायकल ग्रुपवर रोज हृदयाचे ठोके मोजणाऱ्या घड्याळाचे फोटो पडत. चढावर ज्याचे ठोके सगळ्यात जास्त, तो त्या दिवसाचा हिरो. पन्नाशीतल्या खुशालभाऊचा आकडा मात्र वर चढेच ना.

"भाऊ, घड्याळ झोपलं का तुमीच झोपले?" पोट्टे टोमणे मारत.

बायको कांता सांगून थकली, "अवो, बीपीच्या गोळीनं ठोके कमीच राह्यते. डॉक्टर म्हणे, ठोक्याचा वरचा आकडा म्हणजे हद्द हाय, मार्क नाई!"

खुशालभाऊनं गुपचूप गोळी सोडली. आठवड्याभरात सागवानातला चढ जीव खाऊन मारला, माथ्यावर घड्याळाचा फोटो टाकला अन् तिथंच आडवा झाला.

 

दवाखान्यात मयताजवळ बसलेल्या कांताच्या हातात त्याचा फोन ग्रुपच्या मेसेजनी वाजतच होता, "भाऊ, आज तुमीच एक नंबर! पार्टी कुठी देता?"