हरीसाचा एक चमचा

नाबुल गावच्या तीस बायकांनी मिळून मिरच्या वाळवल्या, कुटल्या, आणि त्यांची झणझणीत चटणी, म्हणजे हरीसा, घेऊन मुन्जिया दुबईच्या खाद्यप्रदर्शनात आली. तिसऱ्या दिवशी स्टॉलसमोर सरकीस साहेब उभे राहिले. मोठ्या दुकानांसाठी माल निवडणारा हा माणूस एक चमचा चाखायचा आणि जागच्या जागी निकाल द्यायचा. शेजारच्या ऑलिव्हवाल्याला तो आत्ताच "बेचव" म्हणून आला होता.

साहेबांनी हरीसा तोंडात घातला आणि ते थिजलेच. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी टेबल घट्ट धरलं.

"वहिनी, काय घातलंस त्यात?" नणंद वसीला कुजबुजली.

"नेहमीचंच गं. लसूण, धणे, शहाजिरं." मुन्जिया म्हणाली. या माणसाला काही झालं, तर गावी कुठल्या तोंडाने जायचं? ती कशीबशी म्हणाली, "साहेब, डॉक्टरांना बोलावू का?"

साहेबांनी घाबरून आजूबाजूला पाहिलं आणि ते पुढे वाकले.



"हळू बोला, बाई. दोन वर्षांनी आज पहिल्यांदा जिभेला चव कळली, आणि ती गेली होती हे कंपनीत अजून कुणालाच माहीत नाही."