वरचं भजं

सेबोम मार्चच्या आत सोलला परतली तर आपल्या पदरात काय पडेल, हे ग्यूसोकने मनाशी पक्कं मांडून ठेवलं होतं. रात्री जेवताना समोर एक माणूस. दाराशी चपलांचा दुसरा जोड. ओला टॉवेल गादीवर टाकला म्हणून खेकसणारं कुणीतरी. या सगळ्याच्या बदल्यात त्याला काहीच सोडावं लागणार नव्हतं. पोरीने फक्त ‘येते’ म्हणायचं होतं.

पोरगी पंधराची. पाच वर्षं आईबरोबर ऑकलंडला राहून शिकत होती आणि ग्यूसोक इथून कमावून पाठवत होता. येण्याजाण्याची तिकिटं फीमध्येच विरघळायची. आता मार्चमध्ये इकडे दहावी सुरू होणार होती. तेव्हा आली तर आली. नंतर कोरियन पुस्तकं झेपायची नाहीत, मग कॉलेजही तिकडेच. आणि कॉलेज तिकडे झालं की मुलगी घरी येते ती पाहुणी म्हणून.

“तिचं तिला ठरवू दे,” त्याची बायको मिरान म्हणाली होती. “आपण ढकललं तर जन्मभर ऐकवेल.”

ग्यूसोकला ढकलायचं नव्हतंच. ओढायचं होतं. दर रविवारी सकाळी फोन लागला की तो त्यांच्या जुन्या गल्लीत शिरायचा. दगडी पायऱ्या, सार्वजनिक न्हाणीघराची उंच चिमणी, भिंतीवरून वाकलेलं बोराचं झाड आणि तळाशी योसू मावशीची तोकबोक्कीची, म्हणजे तिखट लाल रश्शातल्या तांदळाच्या वड्यांची टपरी. मावशी मूळची योसू बंदरावरची. सगळं कात्रीने कापायची आणि कापण्याआधी कात्री हवेत दोनदा वाजवायची, कचक-कचक.

“काल मावशीने तुझी आठवण काढली,” तो सांगायचा. “रताळ्याचं एक भजं वर टाकलं.”

“अजून टाकते?”

“तुझ्या नावाने टाकते. मला एकट्याला कोण देतंय!”

सेबोम खूप हसायची. तिच्यामागे भांडी वाजत असायची, कुणीतरी काहीतरी कापत असायचं.

“कुठे आहेस गं?”

“चर्चमध्ये. सगळ्यांचं जेवण असतं ना रविवारी. तू बोल. मावशीचा गुडघा कसाय?”

“थंडीत धरतो. पण तोंड तेवढंच चालतं.”

“हो का?” ती आणखीच हसायची.

व्हिडिओ तो लावायचा नाही. कॅमेरा बिघडलाय म्हणायचा. कारण गल्ली होती कुठे? तीन वर्षांपूर्वी तिला पाडकामाचे पत्रे लागले, चिमणी पडली आणि तिथे पस्तीस मजले उभे राहिले. भाडेकरू पांगले. मावशी टपरी मोडून कुठल्याशा लेकीकडे गेली. कुठे, ते त्याने विचारलंही नव्हतं. तो स्वतः शहराच्या टोकाला एका खोलीत राहत होता. हे मायलेकींना कळू दिलं नव्हतं. एका खोलीसाठी आणि एका बापासाठी ऑकलंड कोण सोडतं?

म्हणून दर रविवारी तो गल्ली पुन्हा बांधायचा. बांधता बांधता त्यालाच वास यायचा, साबणाचा आणि उकळत्या लाल रश्शाचा. सहा वर्षांची सेबोम न्हाणीघरातून ओल्या केसांनी यायची, केळ्याचं दूध संपवायची आणि त्याच्या खांद्यावर बसून पायऱ्या चढायची. हातातल्या काडीवरचा रस्सा त्याच्या कॉलरवर गळायचा. मिरानने तो डाग तीनदा धुतला, गेला नाही. शर्ट अजून होता.

जानेवारीत सेबोम म्हणाली, “बाबा, ठरलं. मी फेब्रुवारीत येते. आई घर आवरून नंतर येईल.”

“एकटी कशी येशील?”

“चर्चमधल्या एक बाई आहेत त्याच विमानात. नातू सांभाळायला आल्या होत्या, आता परत चालल्यात. आणि ऐक, सामान टाकायच्या आधी मावशीकडे जायचं हं!”

आता आली का पंचाईत! पुढच्या रविवारी त्याने वादळात बोराचं झाड पाडलं. त्याच्या पुढच्या रविवारी न्हाणीघराला कुलूप लावलं. राहिली मावशी. टपरी बंद झाली म्हणावं, तर पोरगी पत्ता विचारणार. त्याने एकदाचा सोक्षमोक्ष लावला.

“सेबोम, वाईट बातमी आहे. मावशी गेली.”

“कुठे?”

“गेली म्हणजे... गेली. झोपेतच. काही त्रास नाही झाला.”

पलीकडची कापाकापी थांबली. मग, “तू गेला होतास?”

“म्हणजे काय! फोटोपुढे दोनदा डोकं टेकवलं. तिखट रस्सा-भात जेवलो.”

“आणि घरच्यांना द्यायचं पैशांचं पाकीट?”

“ठेवलं ना. लाख वॉन.”

“एवढे?”

“इतकी वर्षं वरचं भजं खाल्लं तिचं. कमी कसे घालणार?”

फोनमध्ये हुंदक्यासारखं काहीतरी झालं आणि फोन बंद पडला. ग्यूसोकला रात्रभर स्वतःची लाज वाटत राहिली. पण वाट मोकळी झाली होती.

विमानतळावर तो डागाचा शर्ट घालून गेला. वाक्य पाठ केलं होतं. दार सरकलं आणि त्याच्या खांद्याला लागणारी मुलगी सामानाची गाडी ढकलत बाहेर आली.

“सेबोम,” तो म्हणाला, “आधी ऐकून घे. गल्ली नाहीये. फक्त मी आहे.”

“माहितीये, बाबा,” ती म्हणाली. “तीन वर्षं झाली.”

तिच्यामागून एका हाताने दोन बोटांची कात्री केली आणि हवेत दोनदा चालवली.

“काय हो, सेबोमचे बाबा,” योसू मावशी म्हणाली, “वरची भजी मी पोरीला तिकडे चर्चमध्ये दर रविवारी खाऊ घातली, ती माझ्याकडून. पण माझ्या मयताचे लाख वॉन कुठायत? काढा.”