पांढरी रेघ

"हा व्रण काढता येईल का हो?" थोरल्याने विचारलं.

फोटोंच्या त्या दालनात गिऱ्हाइकं किंमत कमी करा म्हणत, फ्रेम बदलून द्या म्हणत. चेहरा बदलून द्या असं अजून कुणी म्हटलं नव्हतं. दालन चालवणाऱ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि थोरल्याकडे नीट पाहून घेतलं.

"दादा, काहीतरीच काय!" धाकटी म्हणाली.

भिंतीवरच्या काळ्या-पांढऱ्या फोटोतली बाई म्हणजे या दोघांची आई. उंबऱ्यावर बसून शर्टाला काजं करतेय. सुई वर, दोरा ताणलेला, नजर सरळ समोर. डाव्या गालाच्या हाडावर बोटभर लांब, बारीक पांढरी रेघ. मागे चौकटीला खिळे ठोकून लावलेला फुलाफुलांचा पडदा. फोटोखाली पेन्सिलीने लिहिलेलं, दहापैकी दहावी प्रत.

तीस वर्षांपूर्वी एक फोटोग्राफर त्यांच्या गल्लीत कामकरी बायांचे फोटो काढत फिरत होता. एका खोलीचं त्यांचं घर. वडील धाकटी तान्ही असतानाच गेलेले. आई, बावीस वर्षांचा थोरला आणि नऊ वर्षांची धाकटी, एवढीच माणसं. फोटोग्राफरचं पुढे मोठं नाव झालं. आईला एक प्रत पाठवतो म्हणाला होता, ती काही त्याने पाठवली नाही. "माझा फोटो काढलाय एकाने," असं आई मरेपर्यंत सांगायची आणि सगळे हसायचे. तिचा दुसरा फोटो घरात नव्हताच. काढायचं कुणाला सुचलं नाही. ती जाऊन सहा वर्षं झाली, आणि गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे एक मासिक चाळताना धाकटीला ती अचानक समोर दिसली. धाकटी तिथेच ओक्साबोक्शी रडली. मग तिने थोरल्याला फोन केला, कारण प्रतीची किंमत तिच्या आवाक्यातली नव्हती. थोरला लगेच तयार झाला. आईच्या बाबतीत त्याने कधी हात आखडता घेतला नव्हता. दवाखाना, औषधं, शेवटी सांभाळायला बाई ठेवणं, सगळं त्याचं. मुलगा असावा तर असा, असं नातेवाईक येताजाता म्हणत.

"लागलं कसं हो त्यांना?" बाईंनी विचारलं.

"दार लागलं," थोरला चटकन म्हणाला. "वाऱ्याने आपटलं."

आईही हेच सांगायची. शेजारणीला, टाके घालणाऱ्या डॉक्टरला, पुढे सुनेलाही. शब्द तेच.

"काढता नाही येणार," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना हसू आलं. "पण एकदा चुकून निघालाय खरा."

त्यांनी पांढरे सुती हातमोजे घातले, खालचा खण ओढला आणि पातळ कागदात ठेवलेली एक प्रिंट टेबलावर मांडली.

"प्रिंटवर धुळीचे पांढरे ठिपके उमटतात. ते बारीक ब्रशने शाई लावून भरायला फोटोग्राफरकडे एक म्हातारबुवा होते. हात असा, की कुठे भरलंय ते शोधून सापडू नये. त्यांनी या व्रणालाही कचरा समजून भरून टाकलं. फोटोग्राफर महिनाभर बोलले नाहीत त्यांच्याशी. ही बाद प्रत, विकायची नाही. पण तुम्ही घरचीच माणसं. कागदाच्या किमतीत देईन."

टेबलावर तीच आई होती. तीच सुई, तोच पडदा. गाल मात्र गुळगुळीत, जन्मात कधी काही न लागलेला. थोरला इतका वेळ खिशात हात घालून दूर उभा होता. आता तो जवळ आला आणि वाकून बघू लागला.

"हीच द्या," तो म्हणाला.

"ही आई नाहीये," धाकटी म्हणाली. "दुसरीच कुणीतरी आहे. अरे, ती माझी वेणी घालायची ना, तेव्हा मी आरशात त्या रेघेकडेच बघत बसायचे. मला भिंतीवरची हवी."

"भिंतीवरची न्यायला चार वाजता एक गृहस्थ येणार आहेत," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी तेवढी थांबवलीय. नंतर मिळायची नाही. फोटोग्राफर गेले, आणि दहा प्रती काढून झाल्यावर निगेटिव्ह त्यांनी स्वतःच कापून टाकली होती."

"मग दोन्ही घे ना, दादा. मी हप्त्याहप्त्याने फेडीन तुझे."

"पैशाचा प्रश्नच नाही. घरात दोन दोन आया कशाला? एकच राहू दे. चांगली दिसणारी."

धाकटीने पर्स उघडली आणि पुन्हा मिटली. उघडण्यात काही अर्थ नव्हता. तिला आपल्या गरिबीचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

बाईंनी बाद प्रत पुठ्ठ्याच्या नळीत घालून दिली. नळी काखेत आल्यावर थोरल्याचा चेहरा सैल पडला. त्याला बहिणीची कीव आली. आजवर तिचं सगळं त्यानेच पाहिलं होतं, अगदी लग्नसुद्धा. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अगं वेडे, चांगलं तेवढं आठवावं माणसाने. कधीतरी दार लागलं, त्याची खूण कशाला जन्मभर भिंतीवर टांगायची?"

धाकटी त्याच्या हाताखालून निसटली आणि भिंतीपाशी गेली. काचेवरून तिने आईच्या गालावर बोट फिरवलं. मग ते बोट मागच्या चौकटीवर गेलं, पडद्याच्या एकेका खिळ्यावर थांबत खालपर्यंत आलं.

"दादा," ती म्हणाली, "आपल्या खोलीला दार होतं कुठे?"