डोळ्यांतलं ऑफिस

वीज गेली तशी द्वारकाबाईंनी मोड आलेल्या वालांचं पातेलं परसात नेलं, अबोलीच्या वाफ्याशी. वीज गेली की सून रेवतीच्या डोळ्यांत कंपनीनं बसवलेलं ऑफिस बंद पडायचं आणि ती वाल सोलायला बाहेर यायची. एरवी ती घरातच असे, पण नजर कंपनीची. तोंडातला घास कोणत्या भाजीचा, हेही तिला कळत नसे.

पण काल कंपनीच्या माणसांनी भिंतीत बॅटरी बसवली होती. आता वीज गेली तरी ऑफिस चालू राहणार होतं. द्वारकाबाई एकट्याच सोलत बसल्या. वाल थकल्या बोटांतून निसटत होते.

"घ्या, आता भिंतीशीच संसार करा," त्या पुटपुटल्या.

तोच रेवती येऊन पायरीवर मटकन बसली. डोळे लाल होते, पण तिचे स्वतःचे होते.

"आई, बॅटरी बंद पडली."

"पडली, की तू पाडलीस?"

रेवतीनं मूठ उघडून तुटकी वायर दाखवली. "दमलेय हो मी."

द्वारकाबाईंनी वायर घेतली आणि सालांच्या ढिगात खुपसली. रेवती पातेलं ओढून भराभर वाल सोलू लागली.

"साहेबानं विचारलं तर सांग, उंदरांनी कुरतडली. आणि हळू सोल गं, डाळिंबी मोडतेय."