गुरुवारची पाठ

ही पाठ सोमवारची नव्हती.

डॉ. लोइस टीडेमानचे हात जागच्या जागी थांबले. टेबलावर पालथा पडलेला एल्डन ब्रॉकहाउस, वय सहासष्ट, मक्याचा शेतकरी. सोमवारी याच माणसाची कंबर तिच्या हाताखाली लोण्यासारखी होती. आज कण्याच्या डाव्या बाजूचे स्नायू फळीसारखे ताठ. सोमवारी त्याने दुखण्याचा आकडा सांगितला होता दहापैकी दोन. आज आठ. गेले चार आठवडे हेच चाललं होतं. सोमवारी बरा, गुरुवारी आजारी.

आधी तिने स्वतःच्या हातांवर शंका घेतली. मग त्याच्यावर. गेल्याच वर्षी एक वार्ताहर खोटं दुखणं घेऊन डॅव्हनपोर्टच्या या दवाखान्यात शिरला होता. नंतर त्याने पानभर लिहिलं, की हे मणके बसवणारे लोक धडधाकट माणसालाही आजारी ठरवतात. आता कुठे तीनशे रुग्णांवरचा हा अभ्यास उभा राहिला होता. हाताच्या उपचाराने कंबरदुखी खरोखर कमी होते का, हे एकदाचं कळणार होतं. त्यात एकाने जरी खोटे आकडे घुसडले, तर चार वर्षांच्या कामावर लोक हसणार होते.

म्हणून सोमवारी तिने मुद्दाम एक गोष्ट केली होती. कमरेच्या तिसऱ्या मणक्याशेजारी आठवडाभर न जाणाऱ्या शाईने बारीकशी फुली काढली होती.

तिने सदरा आणखी वर सरकवला. फुली नव्हती.

"तुम्ही एल्डन नाही," ती म्हणाली.

टेबलावरचा माणूस तोंड न वळवताच म्हणाला, "नाही. मी ऑर्विल. जुळा. बारा मिनिटांनी मोठा."

"आणि हा काय खेळ लावलाय तुम्ही?"

"खेळ कसला, बाई! एल्डनची कंबर गेलीय. गुरुवारी त्याची धान्य सोसायटीची बैठक असते. दोन खाडे झाले की अभ्यासातून नाव कापता म्हणे तुम्ही. म्हणाला, तेवढा माझ्या जागी जाऊन पडत जा. आलो."

"आणि दुखण्याचा आठ आकडा?"

"त्यालाच विचारलं होतं, काय सांगू म्हणून. म्हणाला, तुझ्या मनाला येईल तो सांग. मला आठ आला."

लोइसने डाव्या बाजूला अंगठा दाबला. ऑर्विलने टेबलाची कड गच्च धरली. बोटांची पेरं पांढरी पडली.

"दुखलं?"

"मला? छे! मला काय धाड भरलीय?"

लोइसचा विश्वास बसेना. कुणीतरी या दोघांना पढवून पाठवलं असणार. ती तणतणत खिडकीशी गेली आणि थबकली. रस्त्यापलीकडे एक पिकअप उभी होती. स्टिअरिंगमागे हाच चेहरा, आत खुंटीवर होती तशीच टोपी. बैठकीला गेलेला भाऊ तिथे बसून दवाखान्याच्या दाराकडे टक लावून बघत होता.

"असेच पडून राहा," तिने ऑर्विलला बजावलं आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

तिला येताना पाहून एल्डनने काच खाली केली. पळून जायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"सोसायटीची बैठक संपली वाटतं?" लोइस म्हणाली.

"गुरुवारी बैठक नसतेच, डॉक्टर."

"आणि तुमची कंबर?"

"ती कधीच दुखली नाही."

"म्हणजे अर्ज खोटा, आकडे खोटे! कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कोण पाठवणार?" एल्डनने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मार्चपासून तो आडवा झोपलेला नाही. खुर्चीत बसून रात्र काढतो. ट्रॅक्टरवरून उतरला की चाकाला धरून उभाच राहतो, मी बघतोय असं वाटलं की नटबोल्ट तपासल्याचं सोंग करतो. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतो. स्वतःसाठी तो घराबाहेर पाऊल टाकणार नाही. माझं अडलंय म्हटलं, तर दर गुरुवारी चाळीस मैल गाडी हाकत येतो." त्याने दवाखान्याच्या दाराकडे बघितलं. "आत जातो की दारातून परत फिरतो, तेवढं बघायला मी इथे येऊन बसतो. त्याला सांगू नका, बाई. पुन्हा यायचा नाही."

लोइस म्हणाली, "अभ्यासातून नाव जाणार. सगळे आकडे फुकट गेले."

"जाऊ द्या. चूक माझी आहे," एल्डन म्हणाला.

ती आत आली तेव्हा ऑर्विल टेबलाच्या कडेला बसून सदऱ्याची बटणं लावत होता. उजव्याच हाताने. डावा हात टेबलावर टेकलेला होता, सगळा भार त्याच्यावर.

"काढलंत का एल्डनला?" त्याने विचारलं. "माझ्यामुळे?"

"अभ्यासातून काढलं. पण शेजारी आमचा रोजचा दवाखाना आहे. उपचार तिथे चालू ठेवता येतील."

"मग ठेवा की! त्याला बरं वाटायला हवं."

"तो एकटा यायला तयार नाही," लोइस म्हणाली. एल्डन असं काही बोललाच नव्हता. "आत्ताच फोनवर म्हणाला, ऑर्विलही शेजारच्या टेबलावर उपचार घेणार असेल, तरच येईन."

ऑर्विलने मान हलवली. टेबलाला धरून, दात आवळून, तो हळूहळू सरळ उभा राहिला.

"सहासष्टाचा झाला तरी भित्रा तो भित्राच," तो म्हणाला. "लिहा माझं नाव."